१/३२ मस्टँग: फ्युजलाज ९ मिमी लांब, विंग रूटला फट, काऊल बसत नाही. कापू का?

अर्धवट_हँगर

नमस्कार मंडळी, आत्तापर्यंत सगळी प्लास्टिकची मॉडेल विमानं १/७२ मध्येच (खऱ्याच्या बहात्तराव्या हिश्शात) केली, पहिल्यांदाच १/३२ ला हात घातलाय आणि आता वाटतंय कशाला या फंदात पडलो. पी-५१डी मस्टँग आहे, इंजिनवालं किट. तीन भानगडी आहेत.

एक म्हणजे नेटवरनं ड्रॉइंग उतरवून प्रिंट काढलं आणि फ्युजलाज (विमानाचं धड) त्यावर ठेवलं तर ते स्पिनरसकट (प्रोपेलरच्या मध्यावरची टोपी) चांगलं ९ मिमी लांब भरतंय. दुसरं, पंख लावून बघितले तर विंग रूटला, म्हणजे पंख धडाला जुळतो तिथे, दोन्ही बाजूंना वरून फट, डावीकडे तर नख जाईल एवढी, मिलिमीटरभर असेल. तिसरं, इंजिन बसवल्यावर वरचं काऊल, म्हणजे इंजिनावरचं झाकण, बंदच होत नाही, पुढून उचकटल्यासारखं राहतं. कॉकपिट रंगवून आत चिकटवलाय, फायरवॉलपण (इंजिन आणि कॉकपिटमधली भिंत) चिकटवलीय, पंख अजून नुसते ठेवलेत.

शेपटीच्या अलीकडे रेझर सॉने कापून ९ मिमीचा तुकडा काढायचा विचार आहे. कुणी केलंय का असं? की पुट्टी भरून गप्प बसू?

घासकाम

करवत खाली ठेव आधी!! किट मोजलंस ते बरोबर, पण ड्रॉइंग मोजलंस का? खऱ्या मस्टँगची लांबी ३२ फूट ३ इंच, म्हणजे ३८७ इंच, भागिले ३२ केलं की १२.०९ इंच, साधारण ३०७ मिमी. पंखांचा पसारा ३७ फुटाला पाव इंच जास्त, तो ३५२-३५३ मिमी यायला पाहिजे. हे दोन आकडे किटवर मोज आणि मग ड्रॉइंगवर मोज. ड्रॉइंगच्या कोपऱ्यात स्केलपट्टी असेल तर तिच्यावरही फूटपट्टी ठेव. प्रिंटर गुपचूप पानात मावेल एवढं छोटं करतो, आणि आपण त्या कागदाला वेदवाक्य समजून प्लास्टिक कापायला निघतो. मी एकदा एका विमानाचं नाक असंच घासून बसलोय, ते अजून डब्यात आहे.

फटीचं सांगतो. पंख नुसते ठेव, मास्किंग टेप एका टोकापासून कॉकपिटवरून दुसऱ्या टोकापर्यंत ताणून लाव, म्हणजे टोकं वर उचलली जातील. फट मिटली तर दोष डायहेड्रलचा (पंख टोकाकडे वर चढत जातात तो कोन), पंख सपाट बसतायत. मस्टँगचा डायहेड्रल ५ अंश, मध्यापासून टोकापर्यंत १७६ मिमी, म्हणजे टोक मध्यापेक्षा साधारण १५ मिमी वर पाहिजे, पुठ्ठ्याचा साचा कापून तपास. टोकं वर गेली तरी फट तशीच राहिली तर फ्युजलाजच्या भिंती आत दबल्यात, मग स्प्रूचा (पार्ट ज्या प्लास्टिकच्या चौकटीला जोडून येतात तिचा) तुकडा मापाने कापून आत आडवा ठोक, भिंती बाहेर ढकलल्या जातात. पुट्टी सगळ्यात शेवटी. मिलिमीटरच्या फटीत ती आकसणार, चर पडणार, पुन्हा भरणार, पुन्हा घासणार आणि आजूबाजूच्या पॅनल लाइन्स (पत्र्यांच्या सांध्यांच्या खोदलेल्या रेषा) उडणार. भरायचीच असेल तर पाव मिमीची प्लास्टिक शीट सरकव आणि लिक्विड सिमेंट सोड.

रिव्हेट_मोजणारा

लांबीबिंबी ठीक आहे पण या किट्समधली खरी चूक कुणी बघतच नाही. चाकांच्या खड्ड्याची मागची भिंत बघ. खऱ्या मस्टँगमध्ये ती भिंत म्हणजे मुख्य स्पार (पंखाच्या आतला तुळईसारखा कणा), पंखाच्या या टोकाकडून त्या टोकाकडे सरळ जाणारा. बऱ्याच किट्समध्ये खड्ड्याच्या आकाराप्रमाणे वळणं घेणारी भिंत देतात, म्हणजे स्पारच गायब. शिवाय पंखावरचे रिव्हेट्स! लॅमिनार फ्लो पंख (हवा गुळगुळीत सरकावी असा) होता म्हणून कारखान्यातच सांधे आणि रिव्हेट्स पुट्टीने भरून, घासून, वर चंदेरी रंग मारायचे. उघडा पत्रा फ्युजलाजला. आणि आपण काय करतो, हजारभर रिव्हेट्समध्ये काळा वॉश (पातळ केलेला रंग) भरतो.

आणि खोदलेल्या रेषेची रुंदी कधी मोजलीय का? अर्धा मिमीची रेघ १/३२ मध्ये म्हणजे खऱ्या विमानावर १६ मिमीची भेग, बोट जाईल त्यात. ९ मिमीचं राहू दे, आधी स्पार कर.

घासकाम

रिव्हेटराव, त्याचे पंख बसत नाहीयेत आणि तुम्ही त्याला उलटं करून खड्ड्यात बघायला लावताय. स्पारचं बरोबर आहे तुमचं, आणि पंख चिकटवायच्या आधीच करावं लागेल हेही खरं, पण मॉडेल उभं राहिलं की तो स्पार फक्त फरशीला दिसतो.

अर्धवट_हँगर

लाज वाटतेय सांगायला. स्केलपट्टीवर १० सेंमी लिहिलंय आणि ती ९.७ भरली. किट ३०७ च्या आसपासच आहे. सॉ परत खोक्यात.

टेप लावून बघितलं, उजवी फट पूर्ण मिटली, डावी अर्धवट. मग पंख काढून टॉर्चने आत बघितलं तर पोटातल्या रेडिएटरच्या डक्टवर, जिथे पार्ट स्प्रूवरून कापला होता तिथे, तांदळाच्या दाण्याएवढा उंचवटा राहिलाय, पंखाचा मधला भाग त्याच्यावर टेकून तिरका बसत होता. तेवढा तासला, शिवाय जिथे पार्ट एकमेकांना टेकतात तिथला रंग खरवडला (प्राइमर, रंग, वार्निश सगळं दोन्ही बाजूंनी होतं), आता डावीकडे कागद जेमतेम सरकतो.

काऊल मात्र जैसे थे.

स्प्रूतले_दिवस

काऊलचं मी सांगतो, यात हात पोळलेत. बघ, खऱ्या काऊलचा पत्रा मिलिमीटरच्या आसपास जाड, १/३२ मध्ये तो ०.०३ मिमी व्हायला पाहिजे. किटचं प्लास्टिक धर ०.८ मिमी, म्हणजे खऱ्या विमानाला २५ मिमी जाड काऊल लावल्यासारखं. आता इंजिन स्केलप्रमाणे चोख असेल तर ते या जाड कवचात मावणार कसं? म्हणून इंजिन दाखवायचं तर काऊल उघडं, आणि नाक बंद हवं तर इंजिनातलं काहीतरी घासायचं. दोन्ही एकदम हवं म्हटलं की रडारड. मी तर आतल्या बाजूने काऊल घासून घासून एवढं पातळ केलं की एके ठिकाणी आरपार उजेड दिसायला लागला.

पण तुझं पुढूनच उचकटतंय म्हणजे मला फायरवॉलवर संशय आहे. ती एक अंश जरी मागे कलली असेल तर ६० मिमी पुढे इंजिनाचं तोंड मिलिमीटरभर वर जातं. काऊलची आतली बाजू लिपस्टिकने माख, बसव, काढ, इंजिनावर डाग कुठे पडतो बघ. फक्त पुढच्या टोकाला डाग असेल तर फायरवॉल तिरकी, सगळीकडे असेल तर जाडीचा प्रश्न.

अर्धवट_हँगर

बहिणीची लिपस्टिक ढापली. डाग फक्त पुढे, अगदी टोकाला. फायरवॉल आता निघणार नाही, कॉकपिटसकट हातात येईल, म्हणून इंजिन ज्या दांड्यांवर बसतं त्यांची पुढची टोकं थोडी तासली, इंजिन पुढून खाली आलं आणि काऊल बसलं, टेप न लावता. प्रोपेलरची लाइन बघितली, किंचित खाली झुकल्यासारखी वाटते पण स्पिनर लावल्यावर मला तरी कळत नाही.

रिव्हेटराव, पंख अजून चिकटवलेले नाहीत. त्या स्पारला किती जाडीची शीट घेऊ?

रिव्हेट_मोजणारा

अर्धा मिमी. आणि चिकटवायच्या आधी चाकाचा पाय घालून बघ, भिंत मागे गेली की पायाची बैठक उघडी पडते.