क्गारीवर जाताय ना, मग लेक अ‍ॅलम हे तळं चुकवू नका

इथे एकांनी विचारलंय की ऑस्ट्रेलियातल्या क्गारी बेटावर (पूर्वीचं फ्रेझर आयलंड) सत्तरीतल्या आईबाबांना झेपेल असं काय आहे, आणि जवळपास सगळ्यांनी तिथलं लेक मॅकेंझी हे तळंच सुचवलंय. तिथलं निळं पाणी आणि पांढरी वाळू बघायलाच हवी, पण गर्दीही तिथेच असते. माझं मत लेक अ‍ॅलमला.

तळं छोटंसं, भोवती पर्जन्यवन. काठाने फिरणारी पायवाट जेमतेम दीड किलोमीटरची, रमतगमत पाऊण तासात होते. हूप पाइनचे उंच सरळसोट बुंधे, काठाशी पांढुरक्या सालीची मेलालुकाची झाडं, साल कागदासारखी पापुद्र्यापापुद्र्याने सुटलेली. पाणी कोऱ्या चहाच्या रंगाचं. ती घाण नाही, कुजलेल्या पानांतलं टॅनिन (रंग देणारं द्रव्य) असतं. पाण्याजवळ शांत उभं राहा, कासवं माना वर काढतात. त्यांना कृपा करून काहीही खायला घालू नका, मनाई आहे आणि ती योग्यच आहे.

नुसत्या वाळूच्या बेटावर तळं टिकतं कसं, हे बाबांना नक्की आवडेल. कुजलेला पालापाचोळा आणि वाळू मिळून तळाशी घट्ट थर तयार होतो आणि पावसाचं पाणी वरच अडून राहतं.

फोर-व्हील ड्राइव्हशिवाय बेटावर गाडी चालत नाही आणि परमिट आधी काढावं लागतं. रस्ता वाळूचा, खूप हादरे बसतात. आईंना कंबरदुखी असेल तर खरी परीक्षा गाडीतच आहे, चालण्यात नाही. डिंगो (तिथले रानटी कुत्रे) फिरतात, तेव्हा नातवंडं सोबत असतील तर हाताच्या अंतरावरच ठेवा.