फिलिपिन्सची ब्लॅक मेटल कॅसेट, लोगो काही केल्या वाचता येईना

काटेरी_निलंगा

राम राम मंडळी. प्रश्न जरा इचित्र हाय पण इथं मेटल म्हणजे ते कर्कश गिटारवालं रॉक ऐकणारे अन् जुने टेप दुरुस्त करणारे दोन्ही हायत म्हणून टाकलालो.

माझा मावसभाऊ फिलिपिन्सला डॉक्टरकी शिकायला होता, लेगाझपी नावाचं गाव हाय तिकडं. लातूरात दोन वर्षं ट्यूशन, नीटला मार्क कमी, मग मावशीनं जमीन गहाण ठेवून तिकडं धाडलं, ही ष्टोरी तर इथं प्रत्येकाच्या घरात एकतरी असतीच त्यामुळं सोडा. आता तो परत येऊन एफएमजीईच्या, म्हणजे बाहेरून डॉक्टर होऊन आलेल्यांच्या परीक्षेच्या अभ्यासाला दिल्लीत बसलाय अन् फोन उचलत नाही. त्याची एक पत्र्याची पेटी आमच्याकडं पडून हाय, त्यात पुस्तकाच्या खाली ही कॅसेट घावली. कव्हर झेरॉक्सचं, काळं-पांढरं. एक पडका बुरूज, त्याच्या मागं डोंगर. वर बँडचं नाव असावं पण ते नाव हाय का बाभळीचं झाड मुळ्यासकट उपटून आडवं ठेवलंय तेच कळंना. आत पेनानं ३१/६६ लिवलंय अन् खाली "दियोस माबालोस".

पप्पाचा जुना टेप काढून लावली. नुसता खरखराट, त्यात लांबून कुणीतरी वरडलालंय, अन् मागं पत्र्यावर गारा पडाव्या तसे ड्रम. आई म्हणली हेड साफ कर. स्पिरिटनं केलं, काही फरक नाही. पण खरं सांगू का, चार दिवस झाले रोज रात्री ऐकलालो, सोडवंना.

तर, १) टेप बिघडलाय का बँडच असा हाय? २) कोणता बँड असंल? ३) दियोस म्हणजे देवच ना? सैतानवाले लोक देवाचं नाव कशाला लिवतेत?

टेपवाला_परभणी

भाऊ आधी पप्पाची एखादी पाठ असलेली कॅसेट लाव, भारूड असो का शिंदेशाही असो, जी तुला तोंडपाठ आहे ती. ती नीट वाजली तर टेपला दोष देऊ नकोस. बेल्ट ढिला झाला असता तर आवाज डुगडुगला असता, गाणारा पाण्यात बुडून वर आल्यासारखा. खरखराट बेल्टनं येत नसतो.

दुसरं म्हणजे हेडच्या बाजूला एक बारका स्क्रू असतो, त्यानं हेड किंचित तिरकं होतं. ज्या मशीनवर कॅसेट भरली तिचं हेड अन् तुझं हेड एका रेषेत नसलं की वरचा, चकाकणारा आवाज मरतो अन् सगळं गोधडीखालून आल्यावानी वाटतं. घरी भरलेल्या कॅसेटला हे हमखास होतं. बारीक स्क्रू ड्रायव्हर घे, गाणं चालू ठेव, अगदी केसाएवढा फिरव. पण आधी स्क्रू कुठं होता तिथं पेनानं खूण कर, नाहीतर पप्पाच्या सगळ्या कॅसेटी बिघडतील अन् मग तूच वरडशील त्या बँडसारखा. आणि दोन कप्प्याच्या टेपवर डबल स्पीडनं भरली असंल तर वरचा आवाज तिथंच गेला, त्याला आता इलाज नाही.

बँडबिंड मला कळत नाही, मी आपला कव्वालीवाला माणूस.

खर्ज_नांदेडकर

बँडच असा आहे मित्रा, टेपला हात लावू नकोस.

ब्लॅक मेटलमध्ये खराब आवाज हा बऱ्याचदा ठरवून ठेवलेला असतो. नव्वदच्या सुरुवातीला डेथ मेटल एकदम गुळगुळीत स्टुडिओत रेकॉर्ड व्हायला लागलं होतं, नॉर्वेच्या पोरांना त्याचा वीट आला. तिथल्याच डार्कथ्रोन बँडचा १९९४ चा ट्रान्सिल्व्हेनियन हंगर हा अल्बम चार ट्रॅकच्या घरगुती मशीनवर केलेला आहे, ऐकून बघ, तुझ्या कॅसेटचा थोरला भाऊ वाटेल. गिटारवर एकच सूर भराभरा खालीवर ओढत राहायचा म्हणजे मधमाश्यांचं मोहोळ उठल्यासारखा आवाज होतो, आणि ड्रमला ते गारा म्हणतोस ना, त्याला ब्लास्ट बीट म्हणतात. मी एकदा आमच्या गल्लीतल्या हलगीवाल्या काकांना ऐकवला होता. ते म्हणले, हात उचलायला जागाच ठेवली नाही बाबा, मग ठोका कुठं ऐकायचा. मला आजपर्यंत यावर उत्तर सुचलेलं नाही.

फिलिपिन्सचं म्हणशील तर बाहेर गाजलेलं नाव म्हणजे डेईफागो हा बँड. १९८९ ला मनिलात सुरू झाले, पुढं सगळं बिऱ्हाड उचलून थेट कोस्टा रिकाला गेले. २००६ ला सटानिक इऑन, २००९ ला फिलिपिनो अँटीक्राइस्ट हे अल्बम. ते नॉर्वेसारखं थंड धुकंबिकं काही नाही, सगळं एकमेकांवर आदळत पळत असतं, ब्राझीलच्या सार्कोफागो बँडच्या वळणाचं. आग्नेय आशियात ही चाल फार चालते, सिंगापूरचा इम्पायटी बघ. पण तुझी कॅसेट डेईफागोची नाही हे मी पैज लावून सांगतो. ६६ कॉप्या आणि हातानं लिहिलेला नंबर म्हणजे गावपातळीचा बँड. यातल्या वीस-पंचवीस पोस्टानं बाहेरच्या लोकांशी अदलाबदलीत जातात, बाकी मित्रात वाटल्या जातात, संपलं. असल्या कॅसेटीचा फोटो पण नेटवर सापडत नाही कधी कधी.

लोगो वाचायची युक्ती सांगतो. हे लोगो बहुतेक डावी-उजवी सारखे काढलेले असतात, आरशात बघितल्यासारखे, त्यामुळं मधलं अक्षर सोडून दे, पहिलं आणि शेवटचं शोध. फोटो लांबून बघ, डोळे बारीक करून. नाहीतर कॅसेटच्या पाठीवर, म्हणजे डबीच्या कडेला, साध्या अक्षरात नाव असतं का बघ.

काटेरी_निलंगा

पाठीवर पण तीच बाभळ हाय, फक्त बारकी.

वैद्य_अंबाजोगाई

अरे मी लेगाझपीलाच होतो! तुझ्या मावसभावाला बहुतेक ओळखत पण असंल, पण नाव इथं नको टाकू. आधी बुरजाचं सांगतो. तो कागसावा चर्चचा बुरूज आहे अन् मागचा डोंगर म्हणजे मायोन ज्वालामुखी. १८१४ च्या १ फेब्रुवारीला मायोन फुटला, हजारावर माणसं गेली, लोक चर्चमधी जाऊन बसले होते असं सांगतेत, अन् चर्च राखेत-चिखलात गाडलं गेलं, आता वर उरलाय तो घंटेचा बुरूज. आज तिथं आइस्क्रीमवाले असतेत अन् पोरं बुरूज चिमटीत धरल्यासारखा फोटो काढतेत. नॉर्वेतल्या पोरांनी १९९२ ला चर्च जाळली म्हणून एवढा गाजावाजा झाला, इथं डोंगरानंच चर्च गिळलेलं अन् तेच चित्र शाळेच्या वहीवर. ह्या बँडला कव्हर शोधायला उठून जावं पण लागलं नसंल, खिडकी उघडली की समोर.

दियोस माबालोस म्हणजे थँक्यू रे! मनिलात तागालोग बोलतेत, तिथं सलामात म्हणतेत. लेगाझपी बिकोल भागात येतं, तिथली भाषा वेगळी, त्यात आभार मानायचे तर दियोस माबालोस. शब्दाला शब्द लावला तर देव तुझी परतफेड करो असं होतं. पण बोलणारा एवढा इचार करत नाही, आपल्यातला पक्का नास्तिक पण ठेच लागली की आई गं अन् अरे देवा म्हणतोच की. म्हणजे ह्या पोरांनी काळी कॅसेट काढली, सैतानाची आरती गायली, अन् शेवटी ज्यानं इकत घेतली त्याचे आभार आईनं शिकवलेल्या भाषेत मानले. मला तर ते वाचून गलबलून आलं राव, खोटं सांगत नाही.

आता गिगचं, म्हणजे बँडच्या कार्यक्रमाचं. मी मेटलवाला नाही, पण आमच्या मेसच्या समोर पंक्चरचं दुकान होतं, तिकडं त्याला व्हल्कनायझिंग म्हणतेत, तिथला पोरगा ड्रम वाजवायचा अन् त्यानं एक दिवस ओढून नेलं. जागा म्हणजे बरांगायचं बास्केटबॉलचं कोर्ट, वर पत्रा, बाजू उघड्या. बरांगाय म्हणजे आपली ग्रामपंचायत समज, तिच्या कॅप्टनची म्हणजे सरपंचाची परवानगी काढावी लागती. गिग लावणाऱ्या पोरांच्या टोळक्याला प्रॉड म्हणतेत, तेच पैसे गोळा करणार, तेच झेरॉक्स चिकटवणार, तेच गेटवर बसणार. सात-आठ बँड, सगळ्यांचा मिळून एकच ड्रमसेट, अन् प्रत्येक बँड आपापला पॅडल अन् झांज घरून घेऊन येणार. गिटारी बहुतेक आरजे नावाच्या, तिकडचाच ब्रँड हाय. पंक, हार्डकोर, डेथ मेटल, ब्लॅक मेटल सगळे एकाच रांगेत, कारण गावात वेगवेगळं लावायला माणसं कुठून आणायची? मनिलात म्हणे ब्लॅक मेटलवाल्यांचं अन् पंकवाल्यांचं पटत नाही. इथं पटवून घ्यावंच लागतं, ड्रमसेट त्याच्याकडंच असतो.

आमचा पंक्चरवाला स्टेजवर आला, तोंडाला पांढरं-काळं फासलेलं, अन् तिसऱ्या गाण्याला लाईट गेली. तिकडं लोडशेडिंगला ब्राऊनआऊट म्हणतेत. मी हसलो, म्हणलं हे तर अंबाजोगाईच झालं. कुणी आरडाओरडा केला नाही, पोरं खाली बसली, रेड हॉर्स बिअरची एक बाटली गोल फिरली, एकाच ग्लासातून, ग्लास भरणारा ठरलेला. अर्ध्या तासानं जनरेटर आला तवर घामानं सगळ्यांचा रंग वघळून गळ्यापर्यंत आलेला, पार पोतराजावानी दिसायलते. नॉर्वेत हा त्रास नसंल बहुतेक.

गाणी कशावर होती इचारलं तर म्हणला गुगुरांग अन् असुआंग. गुगुरांग बिकोलचा जुना देव, मायोनमधी राहणारा, अग्नी त्याच्याकडं. असुआंग त्याचा भाऊ, तो अग्नी चोरायला बघतो. पुढं स्पॅनिश आले, तीनशे तेहतीस वर्षं राहिले, अन् आता असुआंग म्हणलं की लोकांना रात्री फिरणारी, माणसं खाणारी हडळ आठवती. ह्या पोरांचं म्हणणं, आमचा सैतान बायबलातून आणायची गरजच नाही, घरचाच हाय, फक्त त्याला हाकललंय. तिकडं कापरे म्हणून एक भूत पण असतं, मोठ्या वडासारख्या झाडावर बसून सिगार ओढतं. मी त्याला आपल्या पिंपळावरच्या मुंजाचं सांगितलं तर म्हणला सिगार देता का त्याला? म्हणलं नाही बाबा, त्याचं लग्न राहिलेलं असतं.

सत्संग_जालना

हे असलं ऐकून पोरं बिघडतात. देवाधर्माची टिंगल करणारं संगीत इकडं कशाला पाहिजे? आपल्याकडं संबळ आहे, गोंधळ आहे, ते ऐका.

खर्ज_नांदेडकर

काका गोंधळ पण ऐकतोच आम्ही, संबळाची टीपरी जोरात पडायला लागली की केस उभे राहतात, ते आणि हे मला तरी फार लांबचं वाटत नाही. आणि टिंगल तिकडं स्वस्तात होत नाही, ऐंशी टक्क्यांच्या आसपास लोक कॅथलिक आहेत आणि त्यांच्या दंड संहितेत १३३ कलम आहे, पूजेच्या ठिकाणी किंवा धार्मिक विधी चालू असताना श्रद्धावंतांच्या भावना दुखावल्या तर तुरुंग. नॉर्वेत आज कुणी चर्चला शिव्या दिल्या तर लोक जांभई देतात. लेगाझपीत गाणाऱ्याची आई रविवारी त्याच चर्चला जाते. मला उलट वाटतं की असल्या गावात हे संगीत जास्त जड जातं.

वैद्य_अंबाजोगाई

आईचं बरोबर बोललास. जालनेकर काका, तुमच्यासाठी सांगतो. त्या पंक्चरवाल्याच्याच बँडचा गिटारवाला दर सप्टेंबरात नागा शहराला जायचा. तिथं पेन्याफ्रान्सिया माउलीची मोठी जत्रा भरती, अख्खा बिकोल तिला नुसतं ईना म्हणतो, ईना म्हणजे आई. मूर्ती खांद्यावर वाहून नेतेत, मग नावेत बसवून नदीतून मिरवणूक. वाहणारे सगळे बाप्ये, अनवाणी, रेटारेटी अशी की कोजागिरीला तुळजापूरात असती तशी. हा गडी सैतानाचा उलटा क्रॉस गळ्यात घालून गिटार वाजवायचा अन् सप्टेंबरात ईनाला खांदा द्यायचा. मी इचारलं, अरे हे कसं? तो म्हणला, बँड माझा हाय, ईना सगळ्यांची हाय. अन् वर म्हणला नाही गेलो तर आई जेवायला घालणार नाही.

सत्संग_जालना

बरं. आईचं ऐकतो एवढं तरी बरं आहे.

टेपवाला_परभणी

स्क्रूचं काय झालं ते सांगा की राव, सगळे फिलिपिन्सलाच निघून गेले.

काटेरी_निलंगा

सगळ्यांना दियोस माबालोस.

पप्पाची भारुडाची कॅसेट लावली, एकदम खणखणीत वाजली, म्हणजे टेप चांगला हाय. स्क्रू खूण करून केसाएवढा फिरवला अन् टेपवालेभाऊ काय सांगू, गोधडी उचलल्यावानी झालं. खरखराट हाय तसाच हाय पण आता त्यात गिटार वेगळी ऐकू येती, अन् एका गाण्यात तो गुगुरांग म्हणतो ते पण कळलं, आधी मी त्याला नुसती गुरगुर समजलालतो. स्क्रू आता परत जाग्यावर आणलाय, पप्पा घरी यायच्या आधी.

अजून एक गंमत. बी साईडचं शेवटचं गाणं संपलं, थोडा वेळ शांत, अन् एकदम एका बाईचं गाणं लागलं, ऑर्गनबिर्गन वाजवून, एकदम साजूक, लग्नात वाजवावं तसं. अर्धं कडवं झालं अन् टेप संपला. मी कॅसेट काढून बघितली तर वरच्या बाजूच्या दोन खाचा मोडलेल्या अन् त्यावर सेलोटेप लावलेला. त्या मोडल्या की कॅसेटवर परत भरता येत नाही, सेलोटेप लावला की येतं. म्हणजे दुकानातून आणलेली तयार गाण्याची कॅसेट, तिच्यावरच यांनी आपला बँड भरलाय. पप्पा तवर मागं येऊन उभे राहिलते, मला वाटलं आता बोलणी खातो. त्यांनी कॅसेट हातात घेतली, सेलोटेपवर नख फिरवलं, म्हणले चांगला दाबून लावलाय. अन् कपाटातून त्यांची एक काढून दाखवली, १९९० च्या आसपासची, हिंदी पिक्चरच्या गाण्यावर आजोबाचं भजन भरलेलं, तसाच सेलोटेप, फक्त पिवळा पडलेला.

मावसभावानं आज फोन उचलला. म्हणला कॅसेट एका दोस्तानं दिलती जाताना, बँडचं नाव त्याला पण वाचता आलं नव्हतं, इचारायची लाज वाटली. पहिलं अक्षर के हाय का आर यावर आमचं भांडण झालं. फोटो परत टाकलालो, डोळे बारीक करून बघा.