मरण, मृत्यू, निधन: एकच की वेगवेगळे?

भाचीच्या मराठीच्या वहीत समानार्थी शब्द आलेत, मृत्यू = मरण, निधन, अंत. पाठ करता करता तिने मधेच विचारलं की मग 'मरणाचा दाखला' का नाही म्हणत आणि 'मृत्यूची थंडी' का नाही पडत? मी म्हटलं तसं म्हणत नाहीत, तर म्हणे हे काय उत्तर झालं. बरोबरच आहे तिचं. वर लिंगाचाही घोळ आहे, तो मृत्यू, ते मरण, ती मौत, म्हणजे एकाच गोष्टीला तिन्ही लिंगं! जाणकारांनी जरा उलगडून सांगा, घरात इज्जतीचा प्रश्न झालाय.

*

वहीतली समानार्थी शब्दांची यादी हा एक फसवा प्रकार असतो. माझ्या मते सोपी कसोटी अशी की मृत्यूची नोंद होते आणि मरण भोगावं लागतं. कायदा आहे तो 'जन्म आणि मृत्यू नोंदणी अधिनियम, १९६९', मृत्यू झाला की २१ दिवसांत कळवायचं, मृत्यूचं कारण लिहायचं, मृत्यूदर काढायचा, हे सगळं बाहेर उभं राहून बघणाऱ्याचं काम. मरण आतलं. म्हणून 'मरणाची थंडी', 'मरणाची गर्दी', 'मरणाचा कंटाळा', कारण तिथे आपण स्वतः त्यात सापडलेलो असतो. 'मरमर काम केलं' म्हणतो, तिथे मृत्यू बसतच नाही. तुकोबांनी 'आपुले मरण पाहिलें म्यां डोळां । तो झाला सोहळा अनुपम्य' म्हटलंय, तिथे 'आपुला मृत्यू' घालून बघा, छंदाचं सोडा, अर्थच थंड पडतो. आणि गंमत अशी की जी गोष्ट फक्त दुसऱ्याचीच बघता येते ती 'मी माझी बघितली' असं म्हणायला त्यांनी रोजच्या बोलण्यातला, घरातला शब्द घेतला.

'निधन' हा तिसराच प्राणी. ते फक्त मान असलेल्यांचं होतं. चोराचं निधन होत नाही, मांजराचंही होत नाही (घरच्या मांजराचं होतं म्हणा). पण मुळात शब्द फार सुंदर आहे, सामगायनाचे भाग असतात ना, हिंकार, प्रस्ताव, उद्गीथ, प्रतिहार आणि शेवटचं निधन, छांदोग्य उपनिषदात ही उतरंड आहे. म्हणजे गाणं जिथे टेकतं ते निधन. पेपरात 'अल्पशा आजाराने निधन' वाचताना हे कुणाच्या डोक्यात येत असेल असं वाटत नाही.

*

लिंगाबद्दल मी लिहितो, माझा आवडता विषय आहे.

मौत अरबीतून फारसीवाटे आलेला शब्द. अरबीत तो पुल्लिंगी आहे, हिंदी-उर्दूत स्त्रीलिंगी झाला आणि आपणही 'मौत आली' म्हणतो. आमच्याकडे अजून 'मौतीला जाऊन आलो' म्हणतात, म्हणजे अंत्यविधीला. त्याचाच भाऊबंद मयत, कोर्टाच्या आणि पोलिसांच्या कागदात 'मयत इसम' असतोच. मुडदा मात्र फारसी मुर्दा वरून, आणि ते फारसी मुर्दन, आपला संस्कृत मृ धातू, लॅटिन मोर्स हे सगळे एकाच खानदानातले. म्हणजे 'मुडदा बशिवला तुझा' या शिवीतला मुडदा आणि 'अमृत' यांचं गोत्र एक!

बाकी भाषांतही हाच घोळ आहे. जर्मनमध्ये मृत्यू पुरुष, फ्रेंच, स्पॅनिश, रशियन, पोलिशमध्ये बाई. युरोपातल्या चित्रांत कुठे तो पुरुष, कुठे ती बाई, त्यात व्याकरणाचाही हात असणार.

पण आपल्याकडे व्याकरणाला न जुमानणारी एक गोष्ट आहे. संस्कृतात मृत्यु पुल्लिंगी, यम तर पुरुषच, रेडा पाश वगैरे सगळं. तरी महाभारताच्या शांतिपर्वात मृत्यू ही बाई आहे. प्रजा वाढून पृथ्वी भाराने दबली, ब्रह्मदेवाच्या रागातून आग निघाली, शिवाने विनवलं म्हणून त्याने ती आवरली, आणि आवरताना त्याच्यातून एक स्त्री बाहेर आली. तिला सांगितलं की जीव घ्यायचे. ती चक्क रडायला लागली, मला हे पाप नको म्हणाली आणि तपाला निघून गेली. ब्रह्मदेवाने तिचे अश्रू ओंजळीत झेलून धरले होते, शेवटी तो म्हणाला हेच अश्रू रोग होतील, तेच माणसांना मारतील, तुला दोष लागणार नाही. मला ही गोष्ट पहिल्यांदा कळली तेव्हा दोन दिवस डोक्यातून जात नव्हती. मारणारीलाच मारायचं नाहीये, आणि आजार म्हणजे तिचं रडणं.

*

वा, ही गोष्ट माहीत नव्हती.

मला नावाआधीच्या अक्षरांबद्दल भर घालायची आहे कारण मेलेल्याचा पंथ मराठीत तिथेच कळतो. कै. म्हणजे कैलासवासी, हे मूळचं शैव पण आता सरसकट कुणालाही लावतात. वारकरी माणूस मात्र वैकुंठाला जातो, म्हणून कीर्तनकारांच्या नावामागे वै. ह.भ.प. लिंगायतांत लिंगैक्य, ख्रिश्चनांत ख्रिस्तवासी, मुसलमानांसाठी मराठी पेपर पैगंबरवासी लिहितात. बौद्ध घरांत 'कालकथित' लिहितात, आणि कार्यक्रम असतो तो पुण्यानुमोदनाचा. बाबासाहेबांचं ६ डिसेंबर १९५६ ला झालं ते महापरिनिर्वाण, तिथे पुण्यतिथी म्हटलेलं बऱ्याच जणांना चालत नाही आणि ते बरोबरच आहे, ज्याने स्वर्गच नाकारला त्याला स्वर्गवासी कसं करणार. एका पेपरला मी श्रद्धांजलीचा मजकूर दिला होता, कालकथित लिहून, छापून आलं कै., वर फोन केला तर म्हणे 'एकच ना ते'. एकच नाही हो.

*

'खपणे' कुणी घेतलंच नाही. माल खपतो, बाई घरासाठी खपते, आणि म्हातारा खपला. तिन्हीत संपणं आहे. आणि 'ठार'. पेपरात 'अपघातात तीन ठार', पण तोच ठार वेडा, ठार बहिरा, ठार आंधळा यातही. म्हणजे ठार हा शब्द मरणाचा आहे की 'पूर्णपणे' या अर्थाचा? मला वाटतं मराठीत मरण हे पूर्णत्वाचं मापच आहे, यापुढे काही नाही म्हणायचं की मरण आणायचं. माणूस तर कुणावर तरी मरतोसुद्धा, आणि मग लग्न होऊन वाचतो :)

*

वर ती बाहेरचं-आतलं कसोटी दिलीये ती मला तितकीशी पटत नाही. दासबोधात तिसऱ्या दशकातला नववा समास मृत्युनिरूपणाचाच आहे, तिथे 'मृत्य न म्हणे हा अमुक, मृत्य न म्हणे हा तमुक' असं ओवीमागून ओवी येतं, ते काय नोंदवहीतलं थंड आहे का? आणि मृत्युपत्र तर स्वतःचंच असतं. (शुद्धलेखनवाल्यांसाठी: सुटा मृत्यू दीर्घ, समासात मृत्युपत्र, मृत्युदंड ऱ्हस्व. मथळ्यांत रोज चुकतं. वर 'मृत्यूदर' लिहिलंय तेही मृत्युदर पाहिजे.)

*

मृत्युदर मान्य, घाईत लिहिलं. मृत्युपत्र तर बिनतोडच, कसोटी तिथे तुटते. दासबोधाचं उदाहरण मात्र मला माझ्या बाजूचं वाटतं. समर्थ तिथे मृत्यूला दारात आलेला वसुलीवाला करतात, जो समोरचा राजा की भिकारी बघत नाही. म्हणजे तो बाहेरून येणारा कुणीतरी आहे. तेच समर्थ मनाच्या श्लोकांत 'मरे एक त्याचा दुजा शोक वाहे । अकस्मात तोही पुढे जात आहे' म्हणतात तिथे कुणी येत नाही, माणसंच रांगेने जातात, आणि तिथे क्रियापद साधं 'मरे' आहे. सुरेश भटांच्या 'मरणाने केली सुटका' मधे मरण कर्ता झालंय हे खरं, पण तेही सरणावरून, ज्याचं त्यालाच कळलेलं. तरी कसोटी शंभर टक्के नाही हे कबूल, भाषा आहे, गणित नाही.

*

सगळ्यांचे आभार. भाचीला नोंद आणि भोग असं समजावलं, पटलंय असं दिसलं. मग पाच मिनिटांनी परत आली की आजी लाडात 'मेली कुठली, किती वाढलीस' म्हणते ते मग काय? मी म्हटलं तिथे मरण अजिबात नाही, उलट दृष्ट लागू नये म्हणून असेल. असेल ना? की हे मी आत्ताच बनवलं?