शब्दचर्चा : वक्फ म्हणजे दान का?

प्रश्न –
सोलापुरात विजापूर वेशीजवळच्या एका मकतबच्या (मुलांना कुराण शिकवणाऱ्या शाळेच्या) पावतीपुस्तकाचा मराठी मजकूर मी करून देतेय. उर्दू वाक्य आहे, 'ये दुकानें मदरसे के लिए वक्फ हैं.' मी लिहिलं, 'ही दुकानं मदरशाला दान दिली आहेत.' तिथले उस्ताद म्हणाले, "बेटा, दान नव्हे." मग काय लिहू? इनाम?

उत्तर –
ताई, उस्तादांचं बरोबर आहे. दान दिलं की वस्तू घेणाऱ्याची होते, उद्या तो विकूही शकतो. इनाम राजा द्यायचा. वक्फ मालक स्वतः करतो आणि त्यानंतर ती वस्तू माणसांपैकी कुणाचीच राहत नाही. अरबीत 'वक्फ' म्हणजे थांबणं, थांबवणं. विक्री, बक्षीस, वारसा, सगळं तिथं थांबतं. चालू राहतं ते उत्पन्न. पैगंबरांचे साथी हजरत उमर यांना खैबरला जमीन मिळाली तेव्हा पैगंबरांचा सल्ला हाच होता : मूळ राखा, फळ वाटा.

मला या शब्दात फार जीव वाटतो, कारण मकतबमधलं पोर तो आधी दुसऱ्याच अर्थानं शिकतं. कुराण वाचताना श्वास सोडून जिथं थांबायचं, तो वक्फ. ओळीवर बारीक 'मीम' दिसला की थांबायलाच हवं, 'लाम-अलिफ' दिसला की थांबायचं नाही. आणि ते शिकवणाऱ्याचा पगार दुसऱ्या वक्फातून येतो!

आणखी एक –
याच धातूचे शब्द आपल्याकडे आधीपासून आहेत. जुन्या कागदांत एखादी गोष्ट 'मौकूफ' करतात, म्हणजे बंद. वक्फ करणारा तो 'वाकिफ'. 'वाकिफ'चा दुसरा अर्थ जाणकार, त्यातूनच आपला 'वाकबगार' आला.

प्रश्न –
पावतीवर जकात, फित्रा, लिल्लाह असे वेगळे रकाने आहेत. जकातीतून मदरसा चालत नाही का?

उत्तर –
इथंच वक्फाचं मोल कळतं. (जकात म्हणजे नाक्यावरची नव्हे, संपत्तीचा अडीच टक्के हिस्सा. फित्रा म्हणजे रमजान ईदचं दान, लिल्लाह म्हणजे अल्लाहच्या नावानं दिलेली ऐच्छिक देणगी.) हनफी मतानुसार (सुन्नी कायद्याच्या चार पंथांपैकी एक) जकात गरजू माणसाच्या मालकीची करून द्यावी लागते, त्याला 'तम्लीक' म्हणतात. त्यामुळे गरीब विद्यार्थ्याला ती देता येते, पण उस्तादांचा पगार आणि इमारत तिच्यातून भागवता येत नाही. त्याला लिल्लाहची देणगी लागते, नाहीतर वक्फ. बगदादचा निजामिया हा मदरसा 1067 मध्ये सुरू झाला, तो सेल्जुक वजीर निजामुल्मुल्कनं लावून दिलेल्या वक्फांच्या उत्पन्नावर.

दुसरं मत –
पण सगळ्यांनी तोच मार्ग धरला नाही. देवबंदचा मदरसा 1866 चा. मौलाना कासिम नानोतवी यांनी त्याच्या आठ तत्त्वांत बजावून ठेवलं की मदरशाला कायमचं बांधलेलं उत्पन्न नसावं, नाहीतर अल्लाहवरचा भरवसा सुटेल. लोकांच्या चंद्यावरच चालवायचं. मला दोन्ही बाजू पटतात. तरी दर महिन्याला घर चालवणाऱ्या उस्तादांचा विचार केला की मन दुकानांच्या भाड्याकडे झुकतं.

आणखी एक –
नळदुर्गला माझ्या आजोळी व्यवस्थापकाला 'मुतवल्ली' म्हणतात, इथं सोलापुरात आम्ही 'ट्रस्टी' म्हणतो. तिकडं निजामाचं राज्य होतं, इकडं मुंबई इलाखा. इथल्या कित्येक संस्था 1950 च्या सार्वजनिक विश्वस्त कायद्याखाली नोंदल्या गेल्या. त्या कायद्याच्या व्याख्येत मंदिर, मठ, वक्फ आणि धर्मादा एकाच वाक्यात शेजारी शेजारी बसलेत. मला ते वाक्य आवडतं. म्हणून विचारतो, 'धर्मादाय' का नको?

उत्तर –
भाऊ, 'धर्मादाय'मध्ये हेतू आला, पण 'थांबवणं' राहून गेलं. शिवाय तो शब्द रोख मदतीलाही चालतो. वक्फ हा शब्द मराठी वाचकाला माहीत आहे, तोच ठेवावा आणि पुढं अर्ध्या ओळीत उलगडावा. वाकिफची शर्त असेल तर तीही लिहा. फिक्हमध्ये, म्हणजे इस्लामी कायदेशास्त्रात, तिचं वजन शरियतच्या वचनाइतकं मानतात.

प्रश्न विचारणारी –
मग हे कसं? 'ही दुकानं मदरशासाठी वक्फ आहेत. ती विकता किंवा वारशानं घेता येत नाहीत. वाकिफच्या शर्तीप्रमाणे त्यांचं भाडं मुलांच्या दीनी शिक्षणावर खर्च होतं.' उस्तादांना वाचून दाखवलं. त्यांनी एकच भर घालायला सांगितली, 'दुरुस्तीचा खर्च वजा जाता'. वक्फाच्या उत्पन्नावर पहिला हक्क त्याच्या स्वतःच्या डागडुजीचा, म्हणाले.