बीपवर असताना कपॅसिटरला प्रोब लागले, मीटर गेला. पुढचा कसा वाचवायचा?

भांडुप_रिपेअर:
नमस्कार मंडळी, काल टीव्हीच्या पॉवर सप्लाय बोर्डवर काम करताना माझा डिजिटल मीटर गेला, घेऊन दोन महिनेपण झाले नव्हते त्यामुळे खूप वाईट वाटतंय. झालं असं की बोर्ड डेड होता, प्लग काढला, चहा पिऊन आलो, दहा मिनिटं तरी गेली असतील, मग मीटर बीपवर (जोड असला की आवाज देणारी ओहमची सेटिंग) ठेवून मोठ्या कपॅसिटरच्या पायांना प्रोब लावले की शॉर्ट आहे का बघू. टक् करून आवाज आला, लाल प्रोबच्या टोकाला काळा ठिपका पडला आणि तेव्हापासून सगळ्या ओहम रेंजला नुसता १ दाखवतोय. व्होल्ट मात्र बरोबर येतात, बॅटरीवरपण आणि घरच्या प्लगवरपण. फ्यूज शाबूत आहे. मग फ्यूज असतो तरी कशाला? आणि दुसरं म्हणजे आता बाबांचा जुना काट्याचा मीटर वापरायची वेळ आलीये, ते गिरणीत वायरमन होते, तो मीटर मला काहीही झालं तरी घालवायचा नाहीये. त्याला आतून काही प्रोटेक्शन लावता येतं का?

गिरगावकर_काका:
अरे मित्रा, हात वाचला हे आधी बरं झालं. आपला सप्लाय २३० व्होल्ट म्हणतो पण त्याचा पीक ३२५ च्या आसपास जातो आणि एसीचा डीसी करणाऱ्या चार डायोडच्या पुलानंतर तो कपॅसिटर तेवढाच भरतो. बोर्ड चालू असेल तर प्लग काढल्यावर चार्ज लोडमध्ये उतरून जातो, पण डेड बोर्डमध्ये स्विचिंगच बंद असतं, मग चार्ज खाणार कोण? बऱ्याच बोर्डांत त्याला समांतर रेझिस्टर नसतो, असला तरी तोच गेलेला असू शकतो, दहा मिनिटं काय तासाभरानेपण झटका बसतो. म्हणून डेड बोर्डवर जास्त जपायचं.
फ्यूजचं म्हणशील तर तो करंटच्या रस्त्यात असतो. ओहमचा रस्ता वेगळा. चांगल्या मीटरमध्ये तिथे पीटीसी असतो, जादा करंट आला की गरम होऊन स्वतःचा रेझिस्टन्स वाढवतो, आणि जोडीला एमओव्ही असतो जो जास्तीचा व्होल्टेज स्वतःवर घेतो. स्वस्तातल्या मीटरमध्ये त्या जागी साधा रेझिस्टर असतो, कधीकधी तर पीसीबीवर पीटीसीचं चिन्ह छापलेलं आणि जागा मोकळी. तुझे व्होल्ट बरोबर येतायत म्हणजे चिप बहुतेक वाचली आहे, उघडून बघ, ओहमचा एखादा रेझिस्टर उडालेला सापडेल.
यापुढे २.२ के (२२०० ओहम) १० वॅटचा रेझिस्टर घे, दोन इन्सुलेटेड वायरी जोड, नीट स्लीव्ह घाल, आणि प्लग काढून त्यानेच कपॅसिटर उतरव. १०० मायक्रोफॅरडचा एका सेकंदात उतरतो. मग मीटर डीसी व्होल्टच्या सर्वात मोठ्या रेंजवर ठेवून खात्री कर, आकडा दोन-चार व्होल्टच्या खाली दिसला की मगच ओहम. स्क्रूड्रायव्हरने शॉर्ट करणारे लोक मी बघितलेत, त्यात ट्रॅक उडतो आणि डोळ्यात ठिणगी जाते, ते नको.

पॅनलवाला_अंधेरी:
काकांशी सहमत. माझं काम सोसायट्यांच्या पंप आणि लिफ्टच्या पॅनलवर आहे, तिथे वेगळा धोका असतो तो लिहितो. लाल प्रोब १० अँपिअरच्या भोकात विसरून राहिला आणि तसाच व्होल्ट मोजायला लावला तर मीटर म्हणजे नुसता वायरचा तुकडा होतो, सरळ शॉर्ट. स्वस्त मीटरवर त्या भोकाजवळ लिहिलेलं असतं की इथे फ्यूज नाही, ते वाचा. आणि जिथे आहे तिथेपण काचेचा २५० व्होल्टचा असेल तर थ्री फेजवर फेज टू फेज ४१५ आहे, काच फुटते आणि आतला आर्क विझतच नाही. वाळू भरलेला सिरॅमिक एचआरसी फ्यूज लागतो, फ्लूक कंपनीच्या मीटरमध्ये असतो तसा १००० व्होल्टचा. त्याच्या जागी साधा काचेचा किंवा तार घालू नका, हात जोडून सांगतो. टीव्ही-मिक्सर प्लगवर तपासायला कॅट टू (मीटरवर छापलेली सुरक्षेची श्रेणी) चालतो पण पॅनलवर कॅट थ्रीच पाहिजे, ६०० व्होल्टचा कॅट थ्री ६००० व्होल्टच्या झटक्यावर टेस्ट केलेला असतो आणि पंपाची मोटर बंद होताना झटके येतातच. आणि मायक्रोवेव्हच्या ट्रान्सफॉर्मरच्या आउटपुटला तर मीटर लावायचाच नाही, तिथे २००० व्होल्ट असतात.

नवीन_हॉबी_ठाणे:
मग प्रोबच्या मध्येच १२ व्होल्टचे झेनर (ठरावीक व्होल्टेजच्या वर उघडणारे डायोड) लावले तर? सगळंच वाचेल ना?

गिरगावकर_काका:
नाही रे बाळा, मग २३० मोजायला गेलास की झेनरच शॉर्ट पाडेल. प्रोटेक्शन नेहमी रेंजच्या रेझिस्टरच्या पलीकडे, आतल्या बाजूला.
भांडुपकर, बाबांच्या मीटरला हेच करायचं. काट्याची कॉईल समज ५० मायक्रोअँपिअर आणि २००० ओहमची आहे, म्हणजे काटा शेवटपर्यंत जातो तेव्हा तिच्यावर फक्त ०.१ व्होल्ट असतो. तिच्या दोन टोकांना ४००७ नंबरचे (1N4007) दोन साधे सिलिकॉन डायोड उलटसुलट समांतर लाव. सिलिकॉन डायोड ०.५-०.६ ला उघडतो, म्हणून रोजच्या रीडिंगला फरक पडत नाही आणि ओव्हरलोडला कॉईलवर पाच-सहा पटच जातो, तेवढं ती सहन करते. जर्मेनियम लावू नकोस, तो आधीच गळतो. मात्र डायोडमुळे कॉईल आणि काटा वाचतो, ओहमच्या रेंजचे रेझिस्टर नाही, ते तुझ्या सवयीवरच आहे. सोल्डरिंग करताना कॉईलची केसासारखी स्प्रिंग आणि काच दोन्हीला गरम बिट लागू देऊ नकोस.

भांडुप_रिपेअर:
काका खूप आभार. दोन्ही उघडले. डिजिटलमध्ये एक रेझिस्टर मधोमध फुटलाय, रंगाचे पट्टेपण काळे झालेत, उद्या ग्रँट रोडला उतरून लॅमिंग्टन रोडवरून आणतो, व्हॅल्यू दुसऱ्याच्या तशाच मीटरमधून वाचली. बाबांच्या मीटरमध्ये डायोड नव्हते, आत बाबांच्या हातची एक कागदाची चिठ्ठी चिकटवलेली मिळाली, बॅटरी बदलल्याची तारीख लिहिलेली. ती तशीच ठेवली. डायोड लावायच्या आधी दीड व्होल्टच्या सेलवर काटा १.५ च्या किंचित वर थांबत होता, लावल्यावरपण अगदी तिथेच थांबला.