बेडका पुरता विरघळेपर्यंत कार्ट्रिज भरू नये: सहमत की असहमत?

चिकट_एलटी (धागाकर्ता)
परवा ट्रेनिंगमध्ये जेवणाच्या सुट्टीत यावरून चांगलीच जुंपली, म्हणून इथे विचारतोय. ज्यांना विषय नवा आहे त्यांच्यासाठी थोडक्यात: टीबीसाठी जीनएक्स्पर्ट (जंतूचा डीएनए शोधणारं मशीन) करताना बेडक्यात आधी दुप्पट सॅम्पल रिएजंट (बेडका विरघळवणारं द्रावण) घालतात. दहा-वीस वेळा जोरात हलवायचं, १० मिनिटं ठेवायचं, पुन्हा हलवायचं, अजून ५ मिनिटं. मग त्यातलं २ मिली कार्ट्रिजमध्ये, म्हणजे मशीनमध्ये बसवायच्या एकदाच वापरायच्या डबीत. डीएनए काढण्यापासून रिझल्टपर्यंत पुढचं सगळं मशीन करतं.

माझं मत: गुठळी दिसत असेल तर अजून ५-१० मिनिटं थांबा, पण तसंच भरू नका. ड्रॉपर उचलताना तार निघाली की समजा, हा माल कार्ट्रिजच्या आत अडकणार. आतला दाब वाढतो, एरर २००८ येतो, कार्ट्रिज वाया. तोवर पेशंट एसटीत बसून गावी गेलेला. नवा होतो तेव्हा एका आठवड्यात तीन कार्ट्रिजं अशी घालवली मी, आणि तिन्ही वेळा बोल लावला मशीनला.

दोन_पीएचसी_एकटा
साफ असहमत. सर, तुमच्याकडे टीबीला वेगळा माणूस असेल. मी सकाळी हिमोग्लोबिन, मलेरियाच्या स्लाइड, शुगर, गरोदर मातांच्या तपासण्या, सगळं एकटा बघतो. आणि हे 'ऑटोमॅटिक' कसलं? चिकटपणाशी झुंजायचं माणसाने, सोपा भाग करायचा मशीनने! घट्ट माल आत गेलाय हे त्याला कळतं ते कार्ट्रिज फुकट गेल्यावर.

मी तर घट्ट दिसलं की सरळ तिप्पट रिएजंट घालतो. झटकन विरतं. आजवर काही बिघडलेलं नाही.

चिकट_एलटी
बिघडलं नाही हे तुम्हाला कळणार कसं, दादा? चुकून निगेटिव्ह गेलेला पेशंट सांगायला येत नाही.

हिशोब करा. दुप्पट रिएजंट घातलं तर २ मिलीमध्ये मूळ बेडका साधारण ०.६७ मिली. तिप्पट घातलं तर ०.५ मिली. म्हणजे पाव हिस्सा बेडका मशीनपर्यंत पोचलाच नाही. स्लाइड पॉझिटिव्ह येणाऱ्याला (ज्याचे जंतू सूक्ष्मदर्शकाखालीच दिसतात) काही फरक पडणार नाही. पण २०१० साली जीनएक्स्पर्टचा जो मोठा अभ्यास आला त्यात एका टेस्टमध्ये स्लाइड-पॉझिटिव्ह ९८ टक्के सापडले, आणि स्लाइड-निगेटिव्ह पण कल्चर-पॉझिटिव्ह (लॅबमध्ये जंतू वाढवल्यावरच कळणारे) फक्त ७२ टक्के. आपण मुळात त्या काठावरच्या माणसांसाठी हे मशीन चालवतो ना?

दोन_पीएचसी_एकटा
ते जुन्या कार्ट्रिजचं. त्याला मिलीमागे १३१ जंतू लागायचे, नव्या अल्ट्रा कार्ट्रिजला सुमारे १६ पुरतात. मग पाव हिस्सा गेला तर कुठे आभाळ कोसळलं? आणि तिप्पट काही मी घरी शोधलेलं नाही, कंपनीच्याच सूचनांत आहे.

कल्चरवाली
आहे, पण सेडिमेंटसाठी! ०.५ मिली गाळ, १.५ मिली रिएजंट. तो गाळ आधीच सेंट्रिफ्यूजमध्ये एकवटलेला असतो. तुम्ही तोच नियम कच्च्या बेडक्याला लावताय.

आणि धागाकर्ते, "अजून थांबा" हे तुमच्या मशीनपुरतं बोला. इथून वाचून उद्या कोणी कल्चरच्या सॅम्पललाही थांबेल. आमच्याकडे एनएएलसी-सोडियम हायड्रॉक्साइड. एनएएलसी कफाचे धागे तोडतं, हायड्रॉक्साइड इतर जंतू मारतं, पण जास्त वेळ राहिलं तर टीबीचाही मरतो. १५ मिनिटं झाली की ६.८ पीएचचं फॉस्फेट बफर ट्यूब भरेपर्यंत ओतायचं, लगेच. तुम्हाला मेलेल्या जंतूचा डीएनए चालतो, आम्हाला तो जिवंत हवा. तुमची १५ मिनिटं म्हणजे किमान, आमची म्हणजे कमाल. शिवाय एनएएलसी रोज ताजं लागतं. कालचं वापरून "आज सगळेच बेडके घट्ट कसे" म्हणणारे मी पाहिलेत.

गोंयकार
आमच्या गोव्याच्या ट्रूनॅटवर, म्हणजे टीबीच्या दुसऱ्या मशीनवर, काम करणाऱ्यांनी हसू नये, तिथेही सुटका नाही. लिक्विफॅक्शन बफरचे थेंब घाला, फिरवा, थांबा, मग ०.५ मिली लायसिस बफरमध्ये, पुन्हा थेंब, पुन्हा थांबा. मशीन बॅटरीवर चालतं म्हणून बेडका काही लवकर विरत नाही.

आशाताईंची_लेक
तुम्ही सगळे घट्ट सॅम्पलवर रडताय, मला तर वाटतं घट्ट आलं तर पेढे वाटा. माझी आई डब्या वाटते. पोस्टरवर काय असतं? 'थुंकी तपासणी'. मग माणूस थुंकतो! लाळ येते, वर तंबाखूचा चुरा. आई पोस्टर बाजूला ठेवून सांगते, "चूळ भरा, खोल श्वास घ्या, खाकरा आणि छातीतला बेडका काढा." मग येतं पिवळं, घट्ट, तुम्हाला नको असलेलं.

चिकट_एलटी
ताई, हे मात्र शंभर टक्के. पण लाळ आली तर ती परतच पाठवायला हवी.

दोन_पीएचसी_एकटा
पुन्हा असहमत! दुपारनंतर एसटी नाही, रोजंदारी बुडवून आलेला असतो तो. चोथा-बिथा असेल तर मीही घेत नाही. पण नुसती पातळ असेल तर लावतो, आणि सकाळच्या बेडक्यासाठी दुसरी डबी हातात देतो. लाळेसारख्या दिसणाऱ्यातही निघालेत माझ्याकडे.

कल्चरवाली
यात मी दादांच्या बाजूने. नसण्यापेक्षा ते बरं. फक्त रिपोर्टवर 'लाळयुक्त' लिहा, म्हणजे निगेटिव्हवर डॉक्टर निवांत बसणार नाहीत.

आणि वेळ नाही हे कारण मला पटत नाही. आधीची कार्ट्रिजं तास-सव्वा तास आत असतात. ती निघायला वीस मिनिटं उरली की पुढच्या डब्यांत रिएजंट घाला. थांबणं फुकटात होतं.

दोन_पीएचसी_एकटा
हे करून बघतो. तिप्पटचं मात्र लगेच कबूल करत नाही. पण कुठल्या डबीत कधी घातलं हे लक्षात कसं ठेवता? मोबाईल मी आत नेत नाही.

चिकट_एलटी
भिंतीवरचं घड्याळ आणि मार्कर. वेळ डबीच्या अंगावर लिहायची, झाकणावर नाही. झाकणं बदलतात.