कॅमकॉर्डर घ्यायचा आहे, फीचर्स कळत नाहीत. कृपया लवकर मदत करा

शिरीषफूल
नमस्कार. कॅमकॉर्डर घ्यायचाय. एकाच्या डब्यावर ३५० एक्स झूम लिहिलंय, दुसरा कितीतरी महाग आणि त्यावर फक्त २० एक्स. असं का? दुकानदार म्हणतो दोन्ही चांगले. कोणता घेऊ ते सांगा, शनिवारच्या आत ठरवायचंय.

गच्चीवरचा
कशासाठी हवाय? लग्न, सहल, शाळेचं गॅदरिंग? बजेट? मॉडेल?

काचबिंदी
कॅमकॉर्डरचे दिवस गेले. मिररलेस (लेन्स बदलता येणारा कॅमेरा) घ्या. उजेड टिपणारा सेन्सर मोठा, मागचं धूसर छान येतं. मी भाचीचं बारसं त्यावरच केलं, सगळ्यांना आवडलं.

शिरीषफूल
स्टेजवरचा कार्यक्रम आहे, रात्रीचा. सोनीचे सीएक्स४०५ आणि एएक्स४३. ७०-८० हजारांपर्यंत जाईन. झूमचं कुणीच सांगितलं नाही.

लोलक
३५० हा डिजिटल झूम. म्हणजे चित्राचा मधला तुकडा कापून ताणायचा, चेहरे फुटतात. ४०५ च्या भिंगाचा खरा झूम ३० एक्स आहे, ४३ चा २०. डब्यावर ‘ऑप्टिकल’ लिहिलेला आकडा तेवढा वाचा.
पण रात्रीचं म्हणताय तर झूमआधी सेन्सर पाहा. ४०५ चा १/५.८ इंच, ४३ चा १/२.५ इंच. कमी उजेडात लहान सेन्सरवर काळ्या भागात मुंग्यांसारखे ठिपके येतात, आणि झूम पूर्ण ताणला की भिंगातून उजेडही कमी येतो. शिवाय ४०५ ला बाहेरच्या माईकची पिन लावायला भोकच नाही.
कार्यक्रम किती वेळ चालतो? तुम्ही किती लांब बसणार?

सह्यवारा
घरात जुन्या कॅमकॉर्डरच्या मिनीडीव्ही कॅसेट असतील तर फायरवायरचं पोर्ट असलेला जुना लॅपटॉप मुळीच विकू नका. कॅसेट संगणकात उतरवायला ते पोर्ट लागतं.

शिरीषफूल
कॅसेट नाहीत हो.
दशावतार आहे, आमच्या गावच्या जत्रेतला. मध्यरात्री सुरू होतो, उजाडेपर्यंत चालतो. काका आडदशावतारात (मुख्य आख्यानाआधीच्या भागात) संकासुर राक्षस करतात. गुडघ्यांमुळे हे त्यांचं शेवटचं वर्ष. संवाद लिहिलेले नसतात, उभ्या उभ्या रचतात, म्हणून पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळं हवंय. मी देवळाच्या पायऱ्यांवर बसणार.

वेंगुर्लेकर
खंयचो गाव तुमचो? नाटक कंपनी कुठली येते? हल्ली ट्रिकसीनच्या (रंगमंचावरच्या चमत्कारांच्या) नादात आडदशावतार आटोपता घेतात. तुमच्या काकांचा पूर्ण घ्याच.

गच्चीवरचा
रात्रभर असेल तर मिररलेसचा विचार सोडा. जुन्या बऱ्याच कॅमेऱ्यांत २९ मिनिटं ५९ सेकंदांनी रेकॉर्डिंग आपोआप थांबतं. युरोपात अर्ध्या तासाहून जास्त चित्रण करणाऱ्या कॅमेऱ्यावर जादा जकात लागायची, म्हणून कंपन्यांनी ती मर्यादा घातली होती.

काचबिंदी
आता नव्या कॅमेऱ्यांना ती मर्यादा नसते. उगाच घाबरवू नका.

गच्चीवरचा
मर्यादा नसेल, पण फोर-केवर (फुल एचडीच्या चौपट बारीक चित्रावर) तासन्‌तास चालवून बघा, कितीतरी तापून बंद पडतात. आणि पायऱ्यांवरून रंगमंच जवळ आणणारी लेन्स कितीला पडते तेही ताईंना सांगा. बारसं दोन हातांवर असतं.

लोलक
भांडण नंतर. ताई, ४३ घ्या.
फोर-केचा मोह नको. १०० एमबीपीएसला (सेकंदाला १०० मेगाबिट) तासाला ४५ जीबी जातात, फुल एचडी ५० एमबीपीएसला साडेबावीस. सहा तास धरले तर १३५ जीबी, म्हणजे २५६ चं एक कार्ड पुरेल. बॅटरीवर विसंबू नका, अडॅप्टर लावून थेट विजेवर चालवा. बॅटरी वीज गेली तर.
एक्स्पोजर, म्हणजे चित्राचा उजेड, ऑटोवर सोडू नका. संकासुराचा काळा वेश चौकटीत भरला की कॅमेरा सगळंच उजळ करतो, आणि शेजारच्या भटजीचा रंगवलेला चेहरा पांढराफटक होतो, डोळ्यांची रेघसुद्धा दिसत नाही. चेहऱ्यावर उजेड बसवून लॉक करा. फोकसही हाताने.

पखवाज
आवाजाचं कुणीच बोलत नाही! दशावतार अर्धा कानाने बघायचा असतो. पायऱ्यांवर ठेवलेल्या कॅमेऱ्यात शेजारच्यांच्या गप्पा आणि खाज्याच्या पिशव्यांची कुरकुर येणार. साऊंडवाल्याला आधी भेटा, मिक्सरमधून वायर मागा, पण ती कॅमेऱ्याच्या माईकच्या भोकात थेट घालू नका, आवाज फाटतो. लाइन-इन (मिक्सरचा जोरदार आवाज घेणारी पिन) असलेला छोटा रेकॉर्डर वेगळा ठेवा आणि सुरुवातीला कॅमेऱ्यासमोर एक टाळी वाजवा, म्हणजे नंतर चित्र आणि आवाज जुळवता येतात. मृदंग-झांजा टिपेला गेल्या तरी फाटणार नाही इतकी पातळी खाली ठेवा.

सह्यवारा
मंडळाची आणि देवस्थानची परवानगी घ्या. घरी ठेवणं वेगळं, यूट्यूबवर टाकणं वेगळं.

शिरीषफूल
काका बोलतील मंडळाशी. सगळ्यांचे आभार. मग भावाला ४३ च सांगते, तो शनिवारी अमेरिकेहून निघतोय, तिथे स्वस्त पडतो.

लोलक
हे आधी सांगायचं ना! तिकडचा नको. सोनीच्या तिथल्या हॅन्डीकॅमवर (कॅमकॉर्डरवर) सेकंदाला ६० चित्रांची पद्धत असते, ५० वर बदलता येत नाही. आपली वीज ५० हर्ट्झची. जत्रेतल्या ट्यूबलाइटखाली चित्रात पट्टे सरकताना दिसतात. शटर हाताने १/१०० सेकंदावर ठेवलं तर निभावतं, पण प्रत्येक वेळी ते ध्यानात ठेवावं लागतं. वॉरंटीचाही प्रश्न आहेच. इथलाच घ्या.

शिरीषफूल
बरं, त्याला आत्ताच नको म्हणून कळवते. तो लाइन-इनचा रेकॉर्डर कुडाळला भाड्याने मिळेल का?

वेंगुर्लेकर
उद्या विचारून सांगतो. गावाचं नाव मात्र अजून सांगितलं नाहीत.